गरम झाली की गाडी स्टार्टच होत नाही, सकाळी मात्र अर्ध्या किकमध्ये!

बोरिवली_पूर्व | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणारे, आधीच माफी मागतो, पण दोन महिने झाले डोक्याचं भजं झालंय.

गाडी १५० सीसी, एअरकूल्ड, कार्बोरेटरवाली, २०१२ ची, ५८ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उत्तरं राहतील बाजूला आणि तुझी कंपनी माझी कंपनी सुरू होईल.

सकाळी बिल्डिंगखालून चोक न ओढता अर्ध्या किकमध्ये चालू. हायवेने जाऊन जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळतो, पवईपर्यंत साधारण १८ किमी, पण तिकडचं ट्रॅफिक माहितीये तुम्हाला, मेट्रोच्या खांबांच्या कडेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत पाऊण तास तरी जातोच. ऑफिसच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबतो, सात-आठ मिनिटं. बस्स. त्यानंतर मॅडम रुसल्या. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय व्यवस्थित, पण पकडत नाही. किक मारल्या पंचवीस-तीस, शर्ट ओला, काही नाही. मग तिथेच लावून चालत ऑफिसला जातो आणि अर्ध्या-पाऊण तासाने येऊन किक मारली की असं चालू होते जसं काही झालंच नव्हतं. आणि हो, धक्का मारला की होते. टपरीवाल्याचा पोऱ्या आता मला बघितलं की ग्लास ठेवून हात पुसत मागे येऊन उभाच राहतो.

मेकॅनिककडे तीन चकरा झाल्या. नवा प्लग, नवी इग्निशन कॉइल, कार्बोरेटर दोनदा साफ, मग म्हणाला बॅटरी, तीपण नवी टाकली. एकूण ४३०० गेले. आता म्हणतोय बोअर-पिस्टनचं काम निघालंय, ११ हजार होतील. म्हणून इथे आलो. करू का नको?

टोमणेकर | सोमवार, रात्री ११.३१

चहा ऑफिसात जाऊन पीत जा. ११ हजार वाचले.

टाकी_फुल | सोमवार, रात्री ११.४८

भावा हे सगळं ई२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, लिहून घे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० आलं आणि बघता बघता सगळ्या पंपांवर तेच मिळायला लागलं, आपल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत, इथेनॉल रबर खातं, पाणी ओढतं, गरम झालं की वाफ होते आणि एअर लॉक होतो, म्हणजे वाफ अडून पेट्रोल पुढे जात नाही. माझ्या भावाच्या गाडीचा पेट्रोल पाइप असा कडक झालाय की हातात घेतला तर तुटेल. महागडं हाय ऑक्टेन टाकून बघ एकदा.

अर्धीकिक | मंगळवार, सकाळी ७.०५

टाकी_फुल, तुझं अर्धं बरोबर आहे. जुन्या पाइपांचं, कार्बोरेटरात पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईच्या रबरी टोकाचं नुकसान होऊ शकतं हे खरंय, ई२० ला चालेल असं मटेरियल गाड्यांमध्ये एप्रिल २०२३ पासून यायला लागलं. पण एअर लॉक इथेनॉलमुळेच होतो हे काही पटत नाही. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, आणि पेट्रोल म्हणजे काही एकच द्रव नाही, त्यातले हलके भाग ३५-४० अंशालाच उडायला लागतात. शुद्ध पेट्रोलच्या काळातपण मे महिन्यात गाड्या अशाच रुसायच्या. आणि ऑक्टेनचा स्टार्टिंगशी काही संबंध नाही, पैसे फुकट जातील.

बोरिवलीकर, टपरीवर थांबल्यावरच का होतं ते सांगतो. गाडी चालू असताना वारा लागत असतो. बंद केलीस की वारा बंद, पण हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली उष्णता कुठे जाणार, ती हळूहळू कार्बोरेटर, कॉइल, मॅग्नेटचं (इंजिनाबरोबर फिरून करंट बनवणारं चाक) कव्हर सगळीकडे चढते. म्हणजे बंद केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं हे पार्ट चालू गाडीपेक्षा जास्त तापतात. तुझ्या चहाची वेळ बरोब्बर त्यात बसते.

एक फुकटातली टेस्ट: पुढच्या वेळी अडली की टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत गेली आणि मग दोन मिनिटांत चालू झाली तर झाकणाचं श्वासाचं भोक बंद आहे. पावसाळ्यानंतर त्यात माती बसते, सुईने साफ होतं.

निवृत्त_फिटर | मंगळवार, सकाळी ९.४०

मी बेस्टच्या डेपोत ३१ वर्षं इंजिनांत हात काळे केले, आता फक्त नातवाची गाडी बघतो. तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. गाडी अडलेली असताना, तिथल्या तिथे, ती गरम असताना, कोणी काही तपासलंय का? तुमचा मेकॅनिक गाडी बघतो तेव्हा ती थंड असते. थंड असताना ती चालूच होते. मग तो काय बघणार? अंदाजाने पार्ट बदलणार. बदलले.

रोग अंगात असताना नाडी बघायची असते. उद्या प्लगचा पाना खिशात घेऊन जा. गाडी अडली की बाकी काही न करता तीन गोष्टी बघायच्या. ठिणगी येते का. प्लगला पेट्रोल पोचतंय का. आणि किक दाबताना पायाला सकाळसारखा जोर लागतो का. यातली एक तरी गेलेली असणारच. कुठली गेली ते कळलं की निम्मं काम झालं. तोवर ११ हजारांचं नाव काढू नका.

ठिणगी बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याची लोखंडी बाजू हेडला घट्ट टेकवा, आणि प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि भडका उडू शकतो. प्लग हातात धरून बघायला जाऊ नका, झटका बसतोच, शिवाय अर्थ न मिळाल्याने सीडीआयपण (ठिणगी टाकणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो. हातात जाड फडका असू दे, प्लग चांगलाच तापलेला असतो.

बोरिवली_पूर्व | मंगळवार, सकाळी १०.१५

काका, खरं सांगू का, कोणीच नाही तपासलं. मीपण नाही. पाना आजच घेतो.

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, दुपारी १.२०

धागा हायजॅक करतोय, सॉरी. माझंपण सेम टू सेम पण थोडं वेगळं. माझी १२५, २०१५ ची. तीपण गरम झाली की अडते, पण माझी चालता चालतापण बंद पडते. परवा घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर पटकन स्विच बंद केल्यासारखी गेली, मागे कंटेनर, देवाचं नाव घेतलं. वीस मिनिटांनी आपोआप ठीक. गॅरेजवाला म्हणाला पल्सर कॉइल. मी म्हटलं अरे बाबा माझी गाडी पल्सर नाहीये, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

अर्धीकिक | मंगळवार, दुपारी १.४४

हाहाहा. गाडीचं नाव नाही रे ते. पल्सर कॉइल म्हणजे पिकअप कॉइल, मॅग्नेटच्या कव्हरच्या आत बसते, मॅग्नेटवरचा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती सीडीआयला इशारा देते, आता ठिणगी टाक. सीडीआयवाल्या सगळ्या गाड्यांना असते. आतली तार केसापेक्षा बारीक. जुनी झाली की आत कुठेतरी तुटते, पण थंड असताना दोन टोकं टेकलेली असतात म्हणून चालते, तापून फुगली की टोकं सुटतात, ठिणगी गायब. थंड झाली की परत टेकतात. तुझं लक्षण बरोब्बर तेच वाटतंय, झटक्यात बंद पडणं म्हणजे बहुतेक वेळा करंटच. पेट्रोलचं असतं तर आधी आचके देते, मिसिंग करते.

मल्टिमीटर घे एक.

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, दुपारी १.५०

लॅमिंग्टन रोडला मिळेल ना? कितीला?

टोमणेकर | मंगळवार, दुपारी १.५८

मिळेल की. फक्त टॅक्सीवाल्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग सांगू नकोस, पाटीवर तेच नाव असलं तरी तो तुला ताडदेवपर्यंत फिरवून आणेल. दोन-तीनशेत साधा मीटर येतो, ओहमवाला बघून घे.

बोरिवली_पूर्व | बुधवार, सकाळी ११.३०

रिपोर्ट घ्या. चहा प्यायलो, गाडी अडली (आयुष्यात पहिल्यांदा अडल्याचा आनंद झाला). टाकीचं झाकण उघडलं, फुस्स वगैरे काही नाही. प्लग काढला, बोट भाजलं, काकांनी सांगूनपण फडका डिकीतच राहिला होता. प्लग हेडला टेकवून पोऱ्याला किक मारायला लावली, ठिणगी निळी, टक्क आवाजाची, सकाळी घरी बघितली तशीच. प्लगचं टोक ओलसर, पेट्रोलचा वास. म्हणजे करंटपण आहे, पेट्रोलपण आहे.

आणि किक... काका तुम्ही बोलला नसतात तर लक्षातच आलं नसतं. सकाळी किक खाली नेताना मध्ये एक अडथळा लागतो, त्यावर जरा वजन टाकावं लागतं. टपरीवर तो अडथळाच नव्हता. सायकलचं पेडल मारल्यासारखी सरळ खाली. मी वीस-वीस किक मारत होतो आणि मला वाटायचं मी दमलोय म्हणून असं वाटतंय.

अजून एक, माहीत नाही उपयोगाचं आहे का, वाटेतल्या सीप्झच्या सिग्नलला गाडी आयडलला थांबत नाही, रेस धरून ठेवावी लागते. सकाळी घराजवळच्या सिग्नलला मस्त थांबते.

टाकी_फुल | बुधवार, दुपारी १२.०२

प्लग ओला म्हणजे ओव्हर होतेय, पेट्रोल जास्त जातंय. फ्लोटची सुई गेली असेल. चोक बंद, फुल रेस उघडून पाच-सहा किक मार, चालू होईल.

बोरिवली_पूर्व | बुधवार, दुपारी १२.१०

ते करून बघितलं भाऊ, आधीपण बघितलंय. नाही होत. आणि कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून थेंबपण पडत नाही.

निवृत्त_फिटर | बुधवार, दुपारी ३.२५

प्लग ओलसर असणारच, तीस किक मारल्यावर पेट्रोल जाणार कुठे, जळलंच नाही ना.

एक लक्षात ठेवा, बाहेर हवेत ठिणगी दिसली म्हणजे आत दाबाखाली पडेलच असं नाही, आत जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा करंटला पूर्ण सोडून देऊ नका. पण तुमच्या बाकीच्या खुणा एका बाजूलाच बोट दाखवतात. किक हलकी, म्हणजे कॉम्प्रेशन, पिस्टन आत तयार करतो तो दाब, गळतंय. धक्का मारला की चालू, कारण धक्क्याने इंजिन किकपेक्षा भरभर फिरतं आणि गळायला वेळ कमी मिळतो. रेसवर चालते आणि आयडलला मरते, तेही त्याच कारणाने. थंड असताना गळत नाही, गरम झाली की गळतं.

आता गळतंय कुठून. पिस्टनच्या रिंगांमधून किंवा वॉलमधून, म्हणजे हेडमधल्या झडपांमधून. तुमचा मेकॅनिक रिंगांच्या मागे लागलाय. गाडी धूर मारते का? ऑइल कमी होतं का?

बोरिवली_पूर्व | बुधवार, दुपारी ३.४०

धूर अजिबात नाही. ऑइल दर अडीच-तीन हजारला बदलतो, पातळी हलत नाही.

निवृत्त_फिटर | बुधवार, दुपारी ४.१०

मग बोअर-पिस्टनला एवढ्यात हात लावू देऊ नका. उद्या अजून एक करा. गाडी अडली की प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याएवढं इंजिन ऑइल आत सोडा, प्लग न लावता दोन-तीन हळू किक मारा म्हणजे पसरेल, मग प्लग लावून किकचा जोर बघा. ऑइल रिंगांभोवती जाऊन फट बुजवतं. जोर परत आला तर रिंगा गेल्या. तसाच हलका राहिला तर गळती वॉलला, तिथे ऑइल पोचत नाही. माझ्याकडे कॉम्प्रेशन गेज आहे, मी कांदिवलीला असतो, हवं तर घेऊन जा, पण परत आणून द्या, मागचं एक असंच गेलं.

मुलुंड_चेकनाका | बुधवार, रात्री ९.१५

मीटर आणला. पल्सर कॉइलची वायर कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला कपलरला सापडली, अर्धीकिकने मेसेजमध्ये रंग सांगितला होता मॅन्युअल बघून. सकाळी थंड असताना १९० ओहम. संध्याकाळी ठाण्याला जाऊन आलो, गाडी बंद पडलेली असतानाच लावला तर १ दाखवतोय. १९० चा १ ओहम झाला म्हणजे शॉर्ट झाली ना कॉइल?

अर्धीकिक | बुधवार, रात्री ९.२२

थांब थांब. नुसता १, स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात, बाकी सगळं रिकामं?

मुलुंड_चेकनाका | बुधवार, रात्री ९.२४

हो

अर्धीकिक | बुधवार, रात्री ९.३१

तो १ ओहम नाही. स्वस्तातले मीटर रेंजच्या बाहेर गेलं की डावीकडे एकटा १ दाखवतात, म्हणजे सर्किट तुटलंय. दोन्ही पिना हवेत धरून बघ, तेव्हापण तोच १ दिसेल. सापडला तुझा चोर.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो, गरम झाल्यावर ओहम थोडा वाढणारच, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. १९० चे २३०-२३५ झाले तर काही बिघाड नाही, तेवढ्यावरून कॉइल फेकू नका. सर्किट एकदम तुटलेलं दिसलं तरच.

आणि सीडीआयच्या आधीच्या जुन्या पॉइंटवाल्या गाड्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी याच लक्षणाला कंडेन्सर बघायचा. आमच्या बाबांची राजदूत गरम झाली की ते शांतपणे पायरीवर बसून विडी ओढायचे, आईला वाटायचं विश्रांती घेतायत, खरं तर कंडेन्सर थंड व्हायची वाट बघत असायचे. बारा रुपयांचा पार्ट, पण कित्येक वर्षं बदलला नाही.

स्कूटरवाली_दादर | गुरुवार, सकाळी ८.५०

मी बऱ्याच दिवसांपासून गुपचूप वाचतेय. माझी १२५ स्कूटर, बीएस६, फ्युएल इंजेक्शनवाली, किकच नाहीये तिला. तीपण गरम असताना अडते, पण तुमच्यासारखी रोज नाही. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली, "मॅडम काही प्रॉब्लेम दिसत नाही, चालू होतेय की" म्हणून धुऊन परत दिली. धुण्याचे पैसे घेतले ते वेगळेच. फिटर काका, यात नाडी कशी बघायची?

निवृत्त_फिटर | गुरुवार, सकाळी १०.२०

ताई, इंजेक्शन माझ्या काळातलं नाही, अर्धीकिक सांगतील.

अर्धीकिक | गुरुवार, सकाळी १०.५५

एप्रिल २०२० नंतरच्या नव्या गाड्या सगळ्या बीएस६, त्यातल्या बहुतेक इंजेक्शनवाल्याच. तुमच्या गाडीत एक सोय आहे जी आमच्या खटाऱ्यांत नाही. किल्ली फिरवली की सेल्फ न मारता नुसतं ऐका. सीटखालून दोन-तीन सेकंद "घूंऽऽ" असा आवाज येतो आणि थांबतो, तो पेट्रोल पंप. घरी शांततेत एकदा ऐकून ठेवा. अडेल तेव्हा तो आवाज येतो का बघा. मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा किल्लीबरोबर लागून नंतर विझायला हवा तोपण बघा, लागलेलाच राहिला तर गाडी स्वतःच सांगतेय की कुठला तरी सेन्सर गंडलाय. टेंपरेचर सेन्सर गंडला की ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन थंडच आहे, मग तो गरम इंजिनात थंडीतलं जास्तीचं पेट्रोल ओततो.

एक विचारू? तुम्ही टाकी रिझर्व्हवरच फिरवता का?

स्कूटरवाली_दादर | गुरुवार, सकाळी ११.०२

😶 शंभर-शंभरचंच टाकते. का?

अर्धीकिक | गुरुवार, सकाळी ११.१०

पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. कायम तळाशी पेट्रोल असेल तर पंप उघडा पडून तापतो, आयुष्य कमी होतं. पुढच्या वेळी अडेल तेव्हा आवाज ऐका आणि मोबाइलवर रेकॉर्डच करा, सर्व्हिसवाल्याला तोच ऐकवा म्हणजे "काही दिसत नाही" म्हणणार नाही.

टोमणेकर | गुरुवार, सकाळी ११.३०

शंभराचं पेट्रोल म्हणजे आजकाल लिटरभरपण येत नाही ताई. दादरहून निघालात तर सायनला परत पंप शोधायचा.

बोरिवली_पूर्व | शनिवार, सायंकाळी ६.४५

मंडळी, सापडलं. बसा, सांगतो.

काकांचं गेज घेतलं. सकाळी थंड गाडीला प्लगच्या भोकात लावलं, फुल रेस उघडून किक मारल्या, काटा १३० पीएसआयवर. मग मुद्दाम आरेतून फिरवून आणली, तासभर तापवली, दहा मिनिटं सावलीत उभी केली, परत लावलं. ७५. तीन वेळा मोजलं, ७५ च्या वर जाईना. चमचाभर ऑइल टाकलं, ८० झालं फार तर. म्हणजे रिंगा नाहीत, वॉल. काकांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, टॅपेट बघा, म्हणजे वॉल आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, पण आज नाही, रात्रभर थंड होऊ द्या.

आज सकाळी काकांच्या बिल्डिंगखाली बसलो. मॅग्नेटच्या कव्हरची दोन झाकणं उघडली, टॅपेटची दोन झाकणं उघडली. इंजिन पान्याने फिरवून छोट्या खिडकीत टी ची खूण (पिस्टन एकदम वर आल्याची) आणली आणि मी लगेच फट मोजायची पत्ती घालायला गेलो तर काकांनी हातावर मारली. म्हणाले रॉकर हलवून बघ. एक घट्ट. म्हणे ही टी चुकीची, एग्झॉस्ट स्ट्रोकलापण (जळका धूर बाहेर जातो तेव्हा) हीच खूण येते, अजून एक फेरा फिरव. फिरवलं. इनटेकचा रॉकर बोटाने हलवला तर बारीक टिक टिक वाजला. एग्झॉस्टचा हललाच नाही. दगड. मॅन्युअलमध्ये एग्झॉस्टला ०.१० मिमी लिहिलंय, माझ्याकडे सगळ्यात पातळ पत्ती ०.०४ ची होती, तीपण शिरेना.

थंड असताना शून्य फट, मग गाडी तापली की वॉलची दांडी लांब होते, तिला जागाच नाही, म्हणून वॉल सीटवर पूर्ण बसतच नाही आणि कॉम्प्रेशन तिथून सायलेन्सरमध्ये. काका म्हणाले वॉल थंड होतो तो सीटला टेकून, टेकलाच नाही तर जळतो, अजून दोन-चार महिने असंच चालवलं असतं तर हेड उतरवावं लागलं असतं.

नट सैल केला, पत्ती घालून स्क्रू फिरवला, पत्ती ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी जराशी अडकत यायला हवी म्हणाले. नट आवळला की सेटिंग परत हललं! तीन वेळा करावं लागलं. एक हात स्क्रू धरायला, एक नट आवळायला, पत्ती धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही.

गाडी चालू केली. आरेतून परत तासभर. दहा मिनिटं थांबलो. पहिल्या किकला अडथळा लागला पायाला, आणि दुसऱ्या किकमध्ये चालू. गेज १४५.

आता खरी गोष्ट, लाज वाटतेय सांगायला. टॅपेट टाईट कसा झाला? काका म्हणाले वॉल सीटमध्ये झिजून थोडी फट आपोआप कमी होत जाते, पण इतकी नाही, कोणीतरी हात लावलाय. तेव्हा आठवलं. दिवाळीच्या आधी मीच मेकॅनिकला म्हटलं होतं की इंजिनातून टिक टिक येतेय, ती बंद कर. त्याने दहा मिनिटांत, गाडी गरम असतानाच, टॅपेट आवळून दिले. आवाज बंद. मी त्याला वर पन्नास रुपये चहाला दिले होते.

निवृत्त_फिटर | शनिवार, रात्री ८.००

तो मेकॅनिक काही वाईट नाही. गिऱ्हाईक म्हणतं आवाज नको, तो आवाज काढतो. आमच्याकडे म्हणायचे, वाजणारा टॅपेट बरा, मुका टॅपेट वॉल खातो. हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा फट बघा, परत कमी झालेली दिसली तर सीट झिजतेय, तेव्हा बोलू.

टाकी_फुल | शनिवार, रात्री ८.२६

मानलं. पण ई२० चं मी म्हणतोय ते कधीतरी खरं निघणारे बघा.

मुलुंड_चेकनाका | रविवार, सकाळी ११.००

पल्सर कॉइल बदलली. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाली, मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग पण नवं घ्यायला लागलं, जुनं काढताना फाटलं. जुनी कॉइल घरी आणून बायकोच्या हेअर ड्रायरने तापवली आणि मीटर लावला, दोन मिनिटं २०० च्या आसपास घुटमळली आणि अचानक डावीकडे एकटा १. पोराला दाखवलं, तो म्हणाला परत कर. चार वेळा केलं.

स्कूटरवाली_दादर | बुधवार, रात्री १०.०५

आज हिंदमाताजवळ अडली. किल्ली फिरवली, काहीच आवाज नाही. रेकॉर्ड केलं. वीस मिनिटांनी परत फिरवली, घूंऽऽ. तेपण रेकॉर्ड केलं. सर्व्हिसवाल्याने दोन्ही ऐकले आणि गप्प आत घेतली गाडी. पंप मागवलाय. टाकी आज अर्धी भरली, हात थरथरत होता कार्ड देताना.

बोरिवली_पूर्व | तीन आठवड्यांनंतर, सोमवार, सकाळी १०.४०

अपडेट. रोज चहाला थांबतोय, एकदाही अडली नाही. आयडलपण स्थिर. टिक टिक मात्र परत आलीये, हलकी, सकाळी थंड असताना जास्त. काल बिल्डिंगमधले एक काका लिफ्टमध्ये म्हणाले, गाडीतून आवाज येतोय रे तुझ्या, टॅपेट टाईट करून घे. मी नुसती मान हलवली.

निवृत्त_फिटर | सोमवार, सकाळी १०.५५

छान. गेज कधी आणून देताय?